काटा ओट्यावर ठेवा, ताटाजवळ नको

प्रश्न: आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं. थोरली अकरावीला आहे. मिस्टरांचं (वय 51) एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, 6.9 आलं आणि एक गोळी सुरू झाली. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की दोन्ही वेळेला दोन पोळ्या, एक वाटी भात आणि दिवसाला तीन चमचे तेल. म्हणून मी डिजिटल काटा मागवला. पण पोळी आज 38 ग्रॅम भरते, उद्या 47. तीच वाटी भात कधी 110, कधी 140. मीठ टाकत राहावं तर काटा शून्यावरून हलतच नाही. भाजी पाचजणांची एकत्र होते, त्यातलं यांच्या वाटणीचं तेल कसं काढायचं? पोळ्यांना मावशी येतात, त्यांना काय सांगू? सासूबाई म्हणतात, पानात वाढलेलं मोजू नये, आणि काटा दिसला की मिस्टर जेवणावरून उठतात. महिन्याला 7 लिटर तेल लागतं खरं, पण ते पाचजणांत. काटा वापरू की परत खोक्यात ठेवून देऊ?

उत्तर:

नमस्कार ताई,

काटा खोक्यात ठेवू नका, त्याची जागा तेवढी बदला. वाढताना काटा बाहेर आला की जेवणाऱ्याला आपली झडती चालल्यासारखं वाटतं. यजमान उठून जातात यात नवल नाही, आणि सासूबाईंचंही चुकत नाही. हाच काटा सकाळी स्वयंपाकाला लागताना ओट्यावर घ्या आणि पीठ, तांदूळ, तेल, कूट हे सगळं कच्चं असतानाच मोजा. चिपट्या-मापट्यानं कोठीतून धान्य काढून द्यायची रीत सासूबाईंनी पाहिलेली असेल. तेव्हाही माप कोठीपाशी व्हायचं, पंगतीत नाही. तुम्ही तेच करता आहात हे त्यांना सांगा. शिवाय हिशेबालाही हेच बरोबर आहे, कारण शिजलेल्या अन्नाच्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो आणि तो रोज बदलतो. तुमच्या पोळीचा आणि भाताचा घोळ तिथूनच आला आहे.

पण पोळी-भाताकडे नंतर येऊ. पत्रातला सगळ्यात मोठा आकडा तुम्ही शेवटी जाता जाता लिहिला आहे: महिन्याला 7 लिटर तेल. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम असतं. म्हणजे 7 लिटर झाले सुमारे 6,370 ग्रॅम. 30 दिवस आणि 5 माणसं धरली तर माणशी रोजचं तेल 42 ग्रॅम येतं. पाहुणे, सणवार आणि टाकून दिलेलं तळणीचं तेल वजा केलं तरी 35 ग्रॅमच्या खाली हा आकडा जाईल असं वाटत नाही, आणि तूप यात धरलेलंच नाही. एक ग्रॅम तेलाच्या 9 किलोकॅलरी होतात, तेव्हा 42 ग्रॅमच्या झाल्या जवळपास 380. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 2000 किलोकॅलरीच्या दिवसभराच्या आहारात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलं आहे. आहारतज्ज्ञांनी यजमानांना तीन चमचे सांगितले ते चहाचे चमचे, 5 मिलिलिटरचे. एका चमच्यात साडेचार ग्रॅम तेल, तिनांत साडेतेरा. तुमच्या हातात पोह्याचा चमचा असेल तर तीन चमच्यांत याच्या दुप्पट तेल गेलेलं असतं आणि मनात मात्र "तीनच तर घातले" असतं. घरातले दोन्ही चमचे एकदा काट्यावर मोजून बघा.

एका पोळीत साधारण 100 किलोकॅलरी असतात. 15 ग्रॅम तेल कमी केलं तर 135 वाचतात आणि ताटात कुणाला काही कमी दिसत नाही. वजन आणि एकूण कॅलरीसाठी सुरुवात इथूनच करा. रक्तातल्या साखरेचा हिशेब मात्र पीठ आणि भातावर ठरतो, त्यामुळे पोळी-भाताचं मापही लागणारच.

तेल मोजायची सोपी रीत अशी. तेलाची किटली काट्यावर ठेवा आणि टेअरचं बटण दाबून आकडा शून्य करा. किटली उचलून कढईत तेल घाला, परत काट्यावर ठेवा. काटा उणे आकडा दाखवेल, समजा −18. तेवढं तेल कढईत गेलं. चमचा नको, वाटी नको, भांड्याला चिकटून वाया जाणं नको. तूप, कूट, साखर, फरसाणाचा पुडा, सगळ्याला हीच रीत चालते. अडचण एकच: बहुतेक काटे दोन-एक मिनिटं कुणी हात लावला नाही की आपोआप बंद होतात आणि केलेलं शून्य विसरतात. फोडणीच्या गडबडीत हे हमखास होतं. म्हणून शून्य करण्याआधी किटलीचं पूर्ण वजन, समजा 742, ओट्यावरच्या पाटीवर लिहून ठेवा. काटा बंद पडला तरी नंतर 724 दिसलं की वजाबाकी करता येते.

रोज प्रत्येक फोडणी मोजायचा कंटाळा येईल, आणि तो यायलाच हवा. पहिला आठवडा मोजा. पुढे सकाळी दिवसभराचं तेल एकदाच काढून छोट्या किटलीत घ्या आणि पोळ्यांसकट सगळा स्वयंपाक त्याच किटलीतून करा. पहिले 15 दिवस पाचजणांचे 150 ग्रॅम, मग 125, मग 100. एकदम 200वरून 100वर आलात तर भाजी कोरडी लागेल, घरात कुरबुर होईल आणि प्रयोग तिथेच संपेल. 100 ग्रॅमला माणशी 20 होतात. यजमानांची पोळी तेलाशिवाय, भाजी रश्शाच्या तवंगाखालची, असं केलं की ते 14-15च्या घरात येतात. त्यांच्यासाठी वेगळी भाजी करत बसायची गरज नाही.

तळणाचं वेगळं. भजी किंवा पुऱ्या केल्या तर तळण्याआधी गार कढई तेलासकट मोजा आणि सगळं उरकून गार झाली की पुन्हा मोजा. फरक 70 ग्रॅम आला तर तेवढं तेल भज्यांनी प्यायलं. मिश्रण किती घट्ट होतं, तेल पुरेसं तापलं होतं का, यावर हा आकडा बराच हलतो. दोन-तीनदा मोजलंत की आपल्या कढईचा अंदाज येतो.

आता एकत्र भाजीचा हिशेब. समजा वांग्या-बटाट्याच्या रश्श्याला 30 ग्रॅम तेल आणि 40 ग्रॅम शेंगदाण्याचं कूट गेलं. भाजी झाल्यावर पातेल्यासकट वजन भरलं 1,510 ग्रॅम आणि रिकामं पातेलं आहे 610. भाजी झाली 900 ग्रॅम. यजमानांची वाटी 150 ग्रॅमची असेल तर त्यांचा वाटा सहावा: तेल 5 ग्रॅम, कूट साडेसहा-सात ग्रॅम. बस्स. मात्र हा हिशेब भाजी ढवळून वाढली तरच खरा. तेल वर तरंगतं, तळाशी फोडी बसतात. पहिली पळी वरून घेतली तर तिच्यात दुप्पट तेल येऊ शकतं आणि शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. वाढण्याआधी तळापासून दोनदा ढवळा, किंवा मुद्दाम तवंग बाजूला सारून यजमानांना खालचा रस्सा द्या.

यासाठी रिकाम्या भांड्याचं वजन माहीत हवं आणि भरलेल्या पातेल्याचं ते ऐन वेळी काढता येत नाही. रोजच्या वापरातली चार-पाच पातेली, कढई आणि कुकरचं भांडं एका दुपारी मोजून टाका आणि यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आणखी पक्कं काम हवं असेल तर भांड्यांवर नाव कोरून देणारे भांडी बाजारात असतात, त्यांच्याकडून नावाशेजारी वजनही कोरून घ्या. यादी हरवते, कोरलेलं जात नाही.

पोळ्यांकडे येऊ. भाजलेली पोळी मोजून काही हाती लागत नाही. 30 ग्रॅम पिठात 19-20 ग्रॅम पाणी जाऊन सुमारे 50 ग्रॅमचा उंडा होतो. तव्यावर त्यातलं पाणी उडतं. तवा मंद असेल आणि पोळी जास्त वेळ राहिली तर ती 38वर येते, कडक तव्यावर पटकन निघाली तर 43वर राहते, आणि त्या दिवशी कणीक सैल असेल तर 47ही भरते. पीठ तिन्हींत तेवढंच असू शकतं. म्हणून मोजायचं ते पीठ.

मावशींना पीठ मोजून काढून द्या: दोन वेळच्या 20 पोळ्यांना 600 ग्रॅम. "मावशी, एवढ्याच्या बरोबर वीस करा," इतकंच सांगायचं. प्रत्येक उंडा मोजायला लावू नका, त्यांची चार घरं व्हायची असतात. कणकेचे आधी चार सारखे गोळे आणि प्रत्येकाचे पाच उंडे केले की फारसा फरक पडत नाही. पहिल्या दिवशी दोन-तीन उंडे काट्यावर टाकून बघा, 45 ते 55च्या दरम्यान असले तर काम झालं. लावायचं पीठही वाटीत मोजून द्या आणि उरलेलं परत मोजा. पोळीमागे दोन-तीन ग्रॅम सहज जातं, हिशेबात ते धरायला हवं. घडीच्या पोळीला आत आणि वरून लागणारं तेल असंच वाटीतून वजा करून काढा. पोळीमागे अडीच ग्रॅम निघालं तर यजमानांच्या चार पोळ्यांतच 10 ग्रॅम झालं, म्हणजे तीन चमच्यांतले दोनाहून अधिक तिथेच संपले. त्यांच्या चार पोळ्या आत फक्त पीठ भुरभुरून करायला सांगा आणि वरून काही लावू नका.

एक काळजी घ्या. पीठ मोजून दिलं की "माझ्यावर विश्वास नाही का" असं मावशींच्या मनात येणारच. पहिल्याच दिवशी, पीठ हातात देण्याआधी सांगा की साहेबांना साखर निघाली आहे आणि डॉक्टरांनी हिशेब ठेवायला सांगितला आहे. कारण आधी कळलं तर मावशीच तुम्हाला आठवण करून देतील.

यजमानांसाठी लहान पोळी वेगळी लाटू नका. एकाच डब्यातल्या सारख्या पोळ्यांतल्या दोन घेणं माणसाला जड जात नाही, आपल्यापुढे वेगळी आली की जातं.

भाकरीबद्दल मात्र सावध. थंडीत बाजरीची सुरू झाली की पुष्कळ घरांत "दोन पोळ्यांऐवजी दोन भाकरी" असा बदल होतो. हाताच्या मध्यम भाकरीला 60 ते 70 ग्रॅम पीठ लागतं, थोराड असेल तर 80. म्हणजे एक भाकरी ही दोन पोळ्यांच्या बरोबरीची. ज्वारी-बाजरीच्या पिठात गव्हाइतक्याच कॅलरी असतात आणि कर्बोदकंही फार कमी नसतात. चोथ्यासाठी, पोट भरल्यासारखं राहावं म्हणून भाकरी चांगलीच, पण एक.

भाताला गुणाकाराची रीत वापरा. 150 ग्रॅम तांदूळ घेतला आणि शिजल्यावर भात 420 ग्रॅम भरला, तर तुमच्या तांदळाचा, तुमच्या पाण्याचा आकडा 2.8. आता 140 ग्रॅमच्या वाटीत 50 ग्रॅम कच्चा तांदूळ आहे हे कळतं. इगतपुरीकडचा इंद्रायणी मऊ आणि चिकट, वाटीत दाबून बसतो. कोलम मोकळा, त्यामुळे वाटीत हवा जास्त. तुमच्या 110 आणि 140चं कारण बहुधा एवढंच आहे. त्यात जुना तांदूळ पाणी जास्त पितो. तांदूळ बदलला की आकडा पुन्हा एकदा काढायचा, रोज नाही.

आणि "एक वाटी" म्हणजे नेमकी कुठली, हे आहारतज्ज्ञांना विचारलंत का? घरातली आमटीची वाटी 120 मिलिलिटरची असू शकते, तर पाहुण्यांसाठीची 200ची. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. एक वाटी यजमानांची म्हणून ठरवा आणि भात, वरण, भाजी त्यातच घ्या. वाटी ठरली की जेवताना काट्याची गरजच उरत नाही.

काट्याच्या खोड्यांचंही सांगून टाकतो. मीठ हळूहळू भुरभुरलं की तो शून्यावर राहतो, हा बिघाड नाही. काट्याच्या आतला संवेदक तापमानानं वगैरे किंचित सरकत असतो, म्हणून अगदी बारीक बदल आला की काटा तो चूक समजून स्वतःला पुन्हा शून्यावर आणतो. चिमटीचिमटीनं टाकलेलं मीठ त्याला तसंच वाटतं. त्यामुळे थेंबाथेंबानं, चिमटीनं काट्यावर मोजू नका. वाटीत आधी काढून घ्या आणि वाटी एकदम ठेवा, नाहीतर किटलीसारखी उणे रीत वापरा. तसंही 1 ग्रॅमच्या काट्यावर 5 ग्रॅमच्या खालचा आकडा विश्वासाचा नसतो.

मिठाला तर काट्यापेक्षा कॅलेंडर बरं. माणशी रोजची 5 ग्रॅमची मर्यादा धरली तर पाचजणांना 25 ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा 40 दिवस पुरायला हवा. पुडा फोडल्याची तारीख त्यावर लिहा. 25 दिवसांत संपला तर माणशी 8 ग्रॅम होतं आहे, आणि लोणचं-पापड-फरसाणातलं त्यात आलेलंच नाही.

बाकी चुका बहुतेक ठेवण्यातल्या असतात. ओट्याला सिंककडे उतार असतो, तिथे काटा ठेवला की आकडा कमी-जास्त होतो. खालच्या चार रबरी पायांपैकी एकाला सुकलेली कणीक चिकटली तरी तेच. परात काट्यापेक्षा मोठी असली की ती आकडा झाकते, किंवा तिचा काठ भिंतीला टेकतो आणि वजन कमी दिसतं. मध्ये एक पालथी वाटी ठेवा, शून्य करा आणि तिच्यावर परात तोला. गरम पातेलं थेट ठेवू नका, उष्णतेनं संवेदक भरकटतो आणि काच तडकू शकते. लाकडी पोळपाट ठेवून शून्य करा, मग पातेलं. काटा सुरू करतानाच वर भांडं असेल तर तो त्यालाच शून्य धरतो. आकडा अचानक वेडावाकडा, 100 ग्रॅमऐवजी साडेतीन वगैरे दिसला तर एककाचं बटण दाबलं जाऊन काटा औंसात गेला आहे. मिलिलिटरचं एकक पाण्यापुरतंच खरं, तेलाला ते लावू नका. "एलओ" दिसलं तर सेल बदला. तो दिसण्याच्या थोडं आधीपासूनच आकडे डुलायला लागतात. आणि वापरून झाल्यावर काट्यावर डबे रचून ठेवू नका, कायमचा भार राहिला तर तो वाकडाच बोलायला लागतो.

खरा आहे की नाही हे तपासायला वजनं विकत आणायला नकोत. रुपयाचं चिन्ह असलेली 10ची दहा नाणी एकत्र ठेवा, 77 ग्रॅमच्या आसपास यायला हवीत. मोठ्या वजनाला अर्ध्या लिटरची दुधाची न फोडलेली पिशवी: दूध पाण्यापेक्षा जड, त्यामुळे पिशवी धरून 515 ते 520. दोन्हीकडे काटा एक-दोन टक्क्यांत असला तर घरासाठी तो उत्तम आहे.

सगळं मोजायचं नाही. मेथी, पालक, कोबी, दुधी, काकडी, टोमॅटो, पातळ ताक यांना काटा लावू नका, ते उलट वाढवायचेच आहेत. मोजायचं ते थोडक्यात जास्त भरणारं: तेल, तूप, पीठ, तांदूळ, साबुदाणा, साखर, शेंगदाणे, फरसाण. मूठभर शेंगदाणे 30 ग्रॅमचे, त्यांच्या किलोकॅलरी 160-170. चिवडा फुगलेला असतो, वाटीभर दिसला तरी वजनाला हलका. त्याच वाटीत शेव भरली तर वजन बरंच चढतं. संध्याकाळच्या चहाबरोबर डबा पुढ्यात घेण्याऐवजी 25-30 ग्रॅम बशीत काढून डबा बंद करायचा. एकादशीची साबुदाणा खिचडी उपवासाची म्हणून हलकी समजली जाते. माणशी 60 ग्रॅम कोरडा साबुदाणा, 20 ग्रॅम कूट आणि 8 ग्रॅम तूप धरलं तर बटाट्याशिवायच 400च्या आसपास किलोकॅलरी होतात. साबुदाणा भिजल्यावर फुगतो, तेव्हा तोही कोरडाच मोजा.

मोसमात आपल्याकडे द्राक्षं किलोनं नाही, पेटीनं येतात आणि येता-जाता घड तोडला जातो. 100 ग्रॅम द्राक्षांत 65-70 किलोकॅलरी, तेवढी यजमानांना दुपारच्या फळाच्या जागी चालतील. बेदाणे मात्र 30 ग्रॅमलाच 90. केळं मोजायचं तर सोलून, कारण सालाचंच वजन जवळपास तिसरा हिस्सा असतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या तक्त्यांतही आकडे खाण्याजोग्या भागाचे, 100 ग्रॅम कच्च्या पदार्थाचे आहेत. ते किलोज्यूलमध्ये आहेत, 4.184नं भागलं की किलोकॅलरी मिळतात. मोबाइलवरच्या आकड्यांपेक्षा ते धरा, तिथे कच्चं-शिजलेलं यांची सरमिसळ असते.

बाहेरच्या मिसळीला काटा नेऊ नका. तर्री वेगळी मागा, फरसाण वेगळं घ्या आणि पाव दोनवर थांबवा. लादीपाव घरी एकदा मोजून ठेवा, एक साधारण 30 ते 40 ग्रॅमचा असतो.

आता दोन गोष्टी, ज्यांच्याबद्दल खरंच काळजी वाटते. पहिली गोळीची. तिचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पोळी-भात कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण औषध तेवढंच राहिलं आणि जेवण घटलं तर साखर 70च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम कडाडून भूक लागणं ही लक्षणं. अशा वेळी 15 ग्रॅम साखर पाण्यातून द्यायची आणि 15 मिनिटांनी साखर तपासायची. 15 ग्रॅम साखरेच्या दोन-तीन पुड्या काट्यावर मोजून करा, एक त्यांच्या खिशात आणि एक गाडीत ठेवा. यजमान शुद्धीवर नसतील तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या.

दुसरी तुमच्या लेकीची. वाढीच्या वयात काटा तिच्या ताटाकडे वळता कामा नये. घरात "किती कॅलरी" हे शब्द तिच्यासमोर कमीच यावेत, ओट्यावरची पाटीही "बाबांचं तेल" एवढ्यावरच थांबावी. ती स्वतः काट्यावर फळं, पोळी मोजायला लागली, जेवण टाळायला लागली, मोजल्याशिवाय खाईनाशी झाली, तर काटा कपाटात टाका आणि तिला डॉक्टरांकडे न्या. धाकट्यालाही तेच लागू.

किती दिवस मोजायचं? तेल, पीठ, तांदूळ तीन आठवडे नेमानं. तोवर नजर बसते: 125 ग्रॅम तेल किटलीत कुठवर येतं, 600 ग्रॅम पीठ डब्यातल्या कुठल्या मापानं किती. त्या मापावर खूण करून ठेवा. पुढे महिन्यातून एक आठवडा, आणि गिरणी, तांदूळ, वाटी किंवा मावशी बदलल्या की पुन्हा. आपोआप माप वाढत जातं. ते वाढलेलं डोळ्यांना कळत नाही.

आहारतज्ज्ञांच्या पुढच्या भेटीला कागदावर पाच आकडे घेऊन जा: यजमानांच्या वाटीचं माप, एका पोळीतलं पीठ, पोळीला लागणारं तेल, तांदळाचा गुणक आणि गेल्या महिन्यात फुटलेली तेलाची पाकिटं. शेजारी सकाळची उपाशीपोटीची साखर लिहा. "दोन पोळ्या, एक वाटी" हे त्यांना मग तुमच्या घरच्या पोळीत आणि तुमच्या वाटीत बसवून देता येईल.